आमदारांच्या सोमवारच्या वहीतलं गाऱ्हाणं विधानभवनात का जात नाही?

मागच्या उन्हाळ्यात एका सोमवारी मी आमच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो होतो. काम एवढंच की वस्तीवरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून नऊ दिवस झालेले आणि पाण्यावाचून डाळिंबाची फुलगळ सुरू झालेली. नेमका वही लिहिणारा पोरगा त्या दिवशी भावकीतल्या लग्नाला गेलेला, पीए माझेच एकेकाळचे विद्यार्थी, म्हणाले गुरुजी तुमचं अक्षर चांगलं आहे, तासभर बसा की वहीवर. तासभर म्हणता म्हणता दुपारचा दीड वाजला, आणि त्या पाच तासांत तालुका मला जेवढा कळला तेवढा तीस वर्षं शाळा करून कळला नव्हता.

वही साधीच, लांबट रजिस्टर. उभ्या रेघा मारून अनुक्रमांक, नाव, गाव, मोबाईल, काम, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात फिरून फिरून दोनच गोष्टी येतात, 'पत्र दिले' नाहीतर 'फोन केला'.

बाराव्या नंबरला एक आजी होत्या. एसटीनं आलेल्या, हातात दुकानाची कॅरीबॅग, तिच्यात पासबुक, आधार, रेशनकार्ड, कसल्या कसल्या झेरॉक्स. चार महिने निराधारचं अनुदान आलेलं नाही. मी विचारलं आजी काय म्हणाले तहसीलला, तर त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं पालथे-उताणे करून दाखवले आणि म्हणाल्या, "अंगठा उठत न्हाई गुरुजी." आयुष्यभर खुरपणी आणि ऊसतोड केलेले हात, बोटाच्या रेघा पार झिजून गेलेल्या, मशीन घेतच नाही. तहसीलचा बाबू म्हणतो आधार अपडेट करून आणा, आधार केंद्रावाला म्हणतो अपडेट करायला आधी अंगठा द्या. आमदारांनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं, तहसीलदारांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि दोन मिनिटांत काम झालं, "उद्या पाठवा आजींना, मी स्वतः बघतो". आजींनी उठून त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मला खरंच भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पण दीड वाजेपर्यंत मी त्याच वहीत 'अंगठा उठत नाही' हे अजून सहा वेळा लिहिलं, सहा वेगवेगळ्या गावांचं. सहाही जणांना फोन नाहीतर पत्र. आणि ज्यांना एसटीचं तिकीट परवडलं नाही, किंवा ज्यांच्याबरोबर यायला कुणी नव्हतं, त्यांचं काय झालं हे त्या वहीत कुठंच नव्हतं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शहरातले शिकलेले लोक, त्यात माझेही नातेवाईक आले, सहज म्हणतात की आमदारांचं काम कायदे करायचं, गटार, लाईट, रस्ता हे बघायला पंचायत आहे, हे लोक लग्नं आणि दहावे करत फिरतात. असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमदाराचा आठवडा जवळून बघावा. सोमवारी ही अशी गर्दी. मंगळवार-बुधवार बहुतेक मुंबईत, कारण मंत्री मंत्रालयात भेटतात ते त्याच दिवसांत, म्हणून आदल्या रात्री निघायचं, आमदार निवासात अंग टाकायचं आणि सकाळपासून फायली घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर. परत आलं की जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक, कधी जिल्हा नियोजनची, कधी पाणीटंचाईची, कधी बांधकाम खात्याच्या साहेबांबरोबर. शुक्रवारपासून गावदौरा, सप्ताहाच्या काल्याचं कीर्तन, दोन वास्तुशांती, चार लग्नं, एखाद्या अपघाताच्या घरी सांत्वन. राज्यात साधारण पावणेदहा कोटी मतदार आणि २८८ जागा, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सव्वातीन-साडेतीन लाख मतदार, आणि ग्रामीण मतदारसंघ असला तर शंभर-सव्वाशे गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या. हा माणूस आळशी आहे असं मी तरी म्हणणार नाही. आमचे आमदार त्या दिवशी दीड वाजेपर्यंत चहावर होते.

आणि लोक त्यांच्याकडे येतात त्यालाही कारण आहे. गावच्या माणसाला तलाठी सापडत नाही कारण एकेका तलाठ्याकडे तीन-तीन सज्जे, ग्रामसेवक दोन गावांचा, वायरमनचा फोन बंद, आणि तालुक्याच्या ऑफिसात गेलं की साहेब मिटिंगला. मधली जी पायरी होती, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा सदस्य, ती तर मार्च २०२२ पासून वर्षानुवर्षं रिकामीच राहिली. आरक्षणाच्या वादात निवडणुका लटकल्या, बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. एवढा मोठा काळ शाळेच्या गळक्या खोलीपासून उपकेंद्रातल्या नर्सबाईपर्यंत सगळं गाऱ्हाणं कुणाकडं जाणार? जो एकमेव निवडून आलेला माणूस समोर दिसतो त्याच्याकडंच. तेव्हा आमदाराच्या दारातल्या गर्दीला हसू नका, लोकांना दुसरं दार उघडं मिळत नाही म्हणून ती गर्दी आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. गर्दी बरोबर आहे, वही बरोबर आहे, फोनही बरोबर आहे, पण काम तिथंच संपलं असं आमदारांनी आणि आपण दोघांनीही मानलंय ते चूक आहे. वहीत एकच गाऱ्हाणं सात गावांतून आलं की ते सात लोकांचं काम राहत नाही, ती सरकारच्या नियमातली खोट असते, आणि ती दुरुस्त करायची जागा विधानभवन आहे, तहसीलदारांचा फोन नाही. सोमवारची वही हा अधिवेशनाचा कच्चा माल आहे आणि आपण तो दर आठवड्याला वाया घालवतोय.

माझ्या डीपीचंच घ्या. आमदारांनी वीज कंपनीच्या साहेबांना फोन केला आणि दोन दिवसांत डीपी आली, ट्रॅक्टरमधून उतरवताना आम्ही नारळ फोडला, वस्तीवरच्या पोरांनी आमदारांचा फोटो स्टेटसला ठेवला. नंतर कधीतरी माझ्या वाचनात आलं की वीज नियामक आयोगाच्या नियमाप्रमाणे ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलायला ४८ तासांची मुदत आहे आणि उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. म्हणजे जे मला आपोआप दोन दिवसांत मिळायला पाहिजे होतं ते नऊ दिवस मिळालं नाही, आणि फोननंतर दोन दिवसांत मिळालं त्याचे आम्ही उपकार मानले. बरं, फोन केल्यानं स्टोअरमधल्या डीप्या वाढल्या का? नाही. होत्या तेवढ्याच होत्या, त्यातली एक आमच्याकडं वळली, म्हणजे ज्या गावचा नंबर आमच्या आधी होता ते गाव मागं ढकललं गेलं. ते गाव कोणतं हे मला कधीच कळणार नाही, पण तिथंही कुणाची तरी बाग होती, कुणाची तरी दावणीची जनावरं होती. ही गोष्ट मला टोचते.

पत्रावर चालणाऱ्या कारभाराचा हाच मोठा तोटा आहे. हक्काचं मिळालं तरी ते कुणाच्या तरी मेहेरबानीनं मिळाल्यासारखं होतं, आणि मेहेरबानी म्हटली की ती कुणाला करायची कुणाला नाही हे आलंच. मतदानाला कुणाकडं होता, कुणाचा माणूस आहे, कुणाच्या ओळखीनं आलाय. आमचे आमदार तसं करत नाहीत, आलेल्या प्रत्येकाचा फोन लावतात, पण उद्या दुसरे आले तर? माणूस चांगला निघाला म्हणून चाललंय, पण त्या आजींचं अनुदान आमदाराच्या स्वभावावर का अवलंबून असावं?

असं नाही की कायदे नाहीत. २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, त्यात कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाईल कामकाजाच्या सात दिवसांच्या वर पडून राहू नये असं म्हटलंय. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा हे ऑफिसच्या बाहेर बोर्डावर लिहायचं, मुदतीत दिला नाही तर अपील, दुसरं अपील, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. हे दोन्ही कायदे याच विधिमंडळानं केले. आता मला सांगा, ज्या सभागृहानं कायदा केला त्याच सभागृहाचा सदस्य आपल्या लेटरपॅडवर 'सदर इसमास दाखला देणेबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी' अशी विनंती त्याच कायद्याखालच्या अधिकाऱ्याला करतो, तेव्हा त्या कायद्याची किंमत काय राहिली? आमदारांनी पत्रात एवढंच लिहिलं असतं की मुदत अमुक तारखेला संपली, अपिलाचा निकाल कळवा, तरी पत्र विनंतीचं न राहता कायद्याचं झालं असतं. लेटरपॅड तेच, सही तीच.

विधिमंडळात आमदाराच्या हातात काय काय असतं हे आपल्याला माहितीच नसतं, म्हणून आपण मागतही नाही. तारांकित प्रश्न असतो, त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. लक्षवेधी असते, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधून सभागृहात उत्तर मागायचं, अर्धा तास चर्चा असते, औचित्याचा मुद्दा असतो, अर्थसंकल्पात कपात सूचना असते, म्हणजे खात्याच्या मागणीत कपात सुचवून त्यावर बोलायचं. शुक्रवारी अशासकीय कामकाज असतं, त्यात साधा आमदारसुद्धा स्वतःचं विधेयक किंवा ठराव मांडू शकतो. विनंती अर्ज समिती आहे, आश्वासन समिती आहे, आणि पंचायती राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की महिनाभर आधी पंचायत समितीतली कपाटं आवरायला लागतात हे आम्ही शिक्षकांनी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्नांची भाषासुद्धा ठरलेली असते. 'अमुक तालुक्यात अमुक झाले आहे, हे खरे आहे काय', 'असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. आणि उत्तरात 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. लोक याला टाईमपास समजतात. पण 'हे खरे नाही' असं उत्तर द्यायच्या आधी मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून सर्कल-तलाठ्याला विचारणा होते, रात्री दहा वाजता माहिती मागवली जाते, आणि जी फाईल वर्षभर कुणी उघडली नव्हती ती उघडते. आमच्या एका शाळेच्या पडक्या भिंतीचा प्रश्न एकदा लागला होता, नुसतं उत्तर तयार करायला म्हणून इंजिनिअर येऊन टेप लावून मोजमाप करून गेले, त्याआधी दोन वर्षं आम्ही अर्ज देत होतो तर एक माणूस फिरकला नव्हता. त्यातही तो प्रश्न सभागृहात पुकारला गेलाच नाही, वेळ संपली, तरी भिंत झाली.

आणि महाराष्ट्रात तर हे नवीन नाही. महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या मागे एक ठराव होता हे किती जणांना माहीत आहे? १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशातून चाललेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असले पाहिजेत. तो मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेनं पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. ठराव एकटा पुरला नाही हे खरंच, पण तो होता म्हणून सत्याग्रहाच्या पाठीशी कायद्याचं बळ होतं. पुढं १९३७ ला बाबासाहेबांनी स्वतः कोकणातल्या खोतीविरुद्ध, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीविरुद्ध, विधेयक मांडलं. कुळांची गाऱ्हाणी रोज ऐकू येत होती, एकेका खोताला पत्र लिहून एकेका कुळाची सुटका करता आली असती कदाचित, पण त्यांनी खोतीच काढून टाका म्हणून विधेयक आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. ते विधेयक तेव्हा पास झालं नाही, पण १९४९ ला खोती कायद्यानं गेली.

वि. स. पागे यांचं उदाहरण तर मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते गावातून सुरू होतं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ च्या सुमारास त्यांनी मागेल त्याला काम हा प्रयोग करून बघितला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. मनात आणलं असतं तर फोन करून विसापूरच्या शे-दोनशे लोकांना कुठंतरी कामाला लावणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ते एका गावाचं काम राहू दिलं नाही. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर लोकांच्या चुली पेटत्या ठेवायला उपयोगी पडली, १९७७ ला विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, खर्चासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला, आणि २००५ ला तीच कल्पना देशाचा कायदा झाली. आमच्या वडलांनी त्या दुष्काळात खडी फोडली, पाझर तलावाच्या भरावावर काम केलं, त्या मजुरीसाठी त्यांना कुणाचंही पत्र आणावं लागलं नाही, नुसतं नाव नोंदवायचं होतं. मला वाटतं गरीब माणसाला कुणापुढं हात न जोडता काम मागता आलं, यापेक्षा मोठं काम कुठल्या लोकप्रतिनिधीनं केलं असेल असं नाही.

आता कुणी म्हणेल हे मोठमोठ्या माणसांचं झालं, साध्या आमदाराला असले प्रश्न विचारून मतं मिळतात का, लोक लग्नाला आला का तेवढंच बघतात. मग सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवा. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले, दुष्काळी तालुका, शेतकरी कामगार पक्षासारखा छोटा पक्ष, बहुतेक काळ विरोधात, एसटीनं प्रवास. सभागृहात पाण्यावर बोलणं त्यांनी कधी सोडलं नाही, आणि बाहेर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत दुष्काळी तेरा तालुक्यांच्या लोकांना वर्षानुवर्षं एकत्र आणलं. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी त्या भागात आलं त्यात अनेकांचे कष्ट आहेत, पण ते एका पत्रानं आलेलं नाही, दशकानुदशकं तोच प्रश्न तीच माणसं विचारत राहिली म्हणून आलं. विदर्भात अमरावतीचे बी. टी. देशमुख, विधान परिषदेत १९८० पासून तीस वर्षं, सिंचनाचा अनुशेष म्हटलं की आकडे काढून, नियम दाखवून सरकारला कोंडीत धरायचे. लोकांनी या दोघांनाही पुन्हा पुन्हा निवडून दिलं. तेव्हा लोकांना कळत नाही असं म्हणू नये, लोकांपर्यंत ते न्यावं लागतं.

सत्ताधारी आमदार प्रश्न कसा विचारणार, पक्ष काय म्हणेल, हा दुसरा मुद्दा नेहमी निघतो. मला तो पटत नाही. सत्ताधारी बाकावरून आलेल्या प्रश्नाचं मंत्र्याला जास्त ओझं असतं, आणि 'अंगठा न उठणाऱ्या वृद्धांसाठी पर्यायी पद्धत करा' ह्यात पक्षाविरुद्ध काय आहे?

पैशाचाही हिशोब एकदा करून बघा. आमदाराच्या स्थानिक विकास निधीची रक्कम २०२२ ला चार कोटींवरून पाच कोटी झाली. सव्वाशे गावांत वाटली तर एका गावाला वर्षाला चार लाख रुपये. चार लाखांत अंगणवाडीपुढचे पेव्हर ब्लॉक होतात, सभामंडपाचा अर्धा पत्रा होतो, नाहीतर थोडासा काँक्रीट रस्ता. त्याच्या जोडीला २५१५ चा, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या त्या नंबरच्या लेखाशीर्षाचा, निधी आणला म्हणून बॅनर लागतात, सरपंच लोक त्या आकड्याला देवाच्या नावासारखं घेतात. आणि त्याच आमदाराचं मत ज्या राज्याच्या अर्थसंकल्पाला लागतं तो २०२५-२६ चा सात लाख कोटींचा होता. त्यातल्या कितीतरी खात्यांच्या मागण्या फारशी चर्चा न होता मंजूर होतात. आपल्या आमदारांना पाच कोटींचा हिशोब आपण वर्षभर विचारतो, आणि सात लाख कोटींवर ते काय बोलले हे एकदाही विचारत नाही, मी स्वतःही कधी विचारलं नव्हतं.

निराधारचीच गोष्ट परत घेतो कारण ती माझ्या मनात घर करून आहे. त्या योजनेला वर्षानुवर्षं कुटुंबाच्या २१ हजार वार्षिक उत्पन्नाची अट राहिली. म्हणजे महिन्याला १७५०. अख्ख्या घराचं. आज शेतमजूर बाई आठवड्यातून दोन दिवस खुरपायला गेली तरी वर्षाची बेरीज त्याच्या वर जाते. मग काय होतं, तलाठ्याकडून २१ हजारांच्या आतला दाखला 'काढून घ्यावा' लागतो. म्हणजे सगळ्यात गरीब माणसाला हक्काचे १५०० रुपये घ्यायला आधी खोटं बोलायला लावायचं, ते खोटं तलाठ्यानं लिहायचं, आणि त्यासाठी आमदाराचा फोन. त्या फोनसाठी पीएचा अर्धा दिवस जातो. ही अट बदलायला लागतो एक शासन निर्णय. किती आमदारांच्या वहीत दर सोमवारी हेच असेल? विदर्भातला, मराठवाड्यातला, आमच्या दुष्काळी पट्ट्यातला कुठलाही आमदार घ्या. त्यातल्या पन्नास जणांनी एकाच अधिवेशनात आपापल्या वहीतल्या नोंदी घेऊन लक्षवेधी दिली तर सरकार कुठलंही असो, त्याला उत्तर द्यावं लागेल.

आता आपलं काय. आपण आमदारांना लग्नाला बोलावतो आणि आले नाहीत की वर्षभर धरून ठेवतो. एका दिवसात सात लग्नं केलेला माणूस रात्री बसून कपात सूचना कशी लिहिणार? अधिवेशन चालू असताना, ते मुंबईत असो की हिवाळ्यात नागपूरला, आमच्याच गावचे लोक तिथं जाऊन आमदारांना सभागृहातून बाहेर बोलावतात, पास मागतात, बदलीचं काम आहे म्हणतात. मी हे केलंय, पुतण्याच्या बदलीसाठी नागपूरला दोन तास त्यांना थांबवून ठेवलं होतं आणि आत तेव्हा काय चाललं होतं हे मी विचारलंही नाही. आज त्याचं वाईट वाटतं. निदान अधिवेशनाचे दिवस तरी त्यांना सोडावं, लग्नातला सत्कार राहिला तर राहिला, घरच्या कुणाला पाठवा म्हणावं आणि मनापासून म्हणावं.

आणि वही बंद करा असं मी म्हणत नाही. आजींना फोन लागलाच पाहिजे, नियम बदलेपर्यंत त्यांनी काय खायचं? मला फक्त वहीत एक रकाना वाढवून हवाय, कामाचा प्रकार. डीपी, अंगठा, शिवरस्ता, मोजणी, रेशन, बदली. महिन्याला बेरीज. वर्षात तीन अधिवेशनं होतात, प्रत्येकाच्या आधी ज्या पाच प्रकारांची बेरीज सगळ्यात मोठी, त्यांचे प्रश्न द्यायचे, आणि जे उत्तर येईल, 'हे खरे नाही' आलं तरी तेच, ते २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं. खरे नाही म्हणाले तर मग ग्रामसभाच ठराव करून सांगेल की खरं आहे, ही घ्या नावं.

आम्ही चौघांनी सुरुवात केलीय. पीएंनी जुन्या तीन महिन्यांच्या वह्या दिल्या, दोन संध्याकाळी माझ्या पडवीत बसून प्रकारवार खुणा करत गेलो, एक माजी सरपंच, एक दूध संस्थेचा सचिव, एक बचत गटाच्या ताई आणि मी. आम्हाला वाटलं होतं रस्ते सगळ्यात वर येतील. सगळ्यात वर आली डीपी, आणि तिच्या पाठोपाठ निराधार आणि रेशनचा अंगठा, तोही जवळजवळ प्रत्येक सर्कलमधून. ताई म्हणाल्या यात नावं बघा, बहुतेक बायकाच आहेत. ते आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

कागद घेऊन आमदारांकडे गेलो. उभ्या उभ्या वाचायला लागले आणि मग बसून वाचला. म्हणाले हे मला रोज दिसतं पण असं एका जागी कधी दिसलं नाही, प्रश्न तुम्ही त्या भाषेत लिहून आणा गुरुजी, मुदतीच्या आत आणा, सही मी करतो आणि शेजारच्या दोन तालुक्यांच्या आमदारांनाही विचारतो. आता रोज रात्री जेवणं झाली की आम्ही 'हे खरे आहे काय' च्या चालीत वाक्यं जुळवत बसतोय. अंगठ्याचा प्रश्न पहिला लिहून झालाय. डीपीचा लिहिताना ४८ तासांची मुदत कुठल्या महिन्यात किती वेळा मोडली हे हवं होतं, म्हणून सचिव उद्या वीज कंपनीच्या ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला चाललेत.